गळकी टाकी: आत काही ओतण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही पूर्ण धातूचं दोन आसनी विमान घरी बांधताय. इंधनाची टाकी पंखाच्या पुढच्या कडेत आहे. वेगळा डबा नाही, पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत. डावी टाकी मागचा बॅफल, म्हणजे मागची भिंत, रिव्हेट करून बंद केलीत, व्हेंटच्या, म्हणजे हवा येण्याजाण्याच्या नळीला फुगा लावून रात्रभर ठेवली आणि सकाळी फुगा लोळागोळा होऊन पडलेला. साबणाच्या पाण्याने पाहिलंत तर दोन रिव्हेटांपाशी आणि बॅफलच्या एका कोपऱ्यात बुडबुडे आले. कुणीतरी सुचवलं की आत पातळ सीलंट ओता आणि टाकी सगळीकडून हलवून घ्या, भोकं बुजतील. उजवी टाकी अजून उघडी आहे. तुम्हाला विचारायचंय की असं ओतायचं सीलंट कोणतं चांगलं.

कोणतंच नाही. पण एवढंच सांगून थांबलो तर तुमचा प्रश्न तसाच राहील. शोधायचंय ते वेगळंच आहे: टाकी खरोखर किती गळते, गळती आतून कुठे सुरू होते, आणि उजव्या टाकीत तेच पुन्हा होऊ नये म्हणून पद्धत कुठे बदलायची. मी आजवर तीन विमानांच्या टाक्या बांधल्या आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या उघडून पाहिल्या. माझ्या पहिल्या दोन्ही टाक्या गळल्या होत्या, त्यामुळे मी वरून बोलत नाहीये. बरंच काही तुमच्या आराखड्यावर, सीलंटवर आणि कोणतं इंधन भरणार यावर अवलंबून आहे. जिथे माझं म्हणणं आणि तुमची पुस्तिका जुळत नाही, तिथे पुस्तिका मानायची.

आधी फुग्याचं

फुगा रात्रभर ठेवून टाकी तपासणं हा स्वतःला फसवून घेण्याचा सोपा मार्ग आहे. समजा टाकी ७५ लिटरची आहे आणि रात्री तापमान ८ अंशांनी उतरलं. हवा दर अंशाला साधारण तीनशेव्या भागाने आकसते, म्हणजे पाव लिटर. आठ अंशांना दोन लिटर. लहान फुग्यात मुळात हवा तेवढीच असते! टाकी ठणठणीत असली तरी सकाळी फुगा पडलेला दिसणार. उलट दुपारी ऊन तापल्यावर तोच फुगा टच्च फुगतो आणि गळकी टाकीही शहाणी वाटते. शिवाय रबरातूनही हवा थोडी थोडी जातेच.

त्यापेक्षा पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार करा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक व्हेंटला जोडा, दुसरं उघडं ठेवा. सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरून दोन्ही बाजूंच्या पाण्यात ५० सेंटीमीटरचा फरक आणा. काही झालं तरी ७० च्या वर जाऊ नका. कॉम्प्रेसर या कामाच्या आसपासही नको. ५० सेंटीमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५० ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १२० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर उंच बॅफलवर त्याचे १२० किलो होतात. कॉम्प्रेसरने टाकी ढोलासारखी फुगवून बसलेले लोक मी पाहिलेत.

या नळीवर तापमानाचा परिणाम फुग्यापेक्षाही स्पष्ट दिसतो: एका अंशाला साडेतीन सेंटीमीटर. बाहेरच्या हवेचा दाब एक हेक्टापास्कलने बदलला तरी पाणी एक सेंटीमीटर हलतं. म्हणून टाकीवर ब्लँकेट टाका, हात लावू नका, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि तास-दोन तासांत निकाल घ्या. तापमान तेच आणि पाणी सतत उतरतंय, तर गळती आहे. पाणी वरखाली होऊन परत जागेवर येतंय, तर ते हवामान आहे.

तुमच्याकडे बुडबुडे दिसलेत, त्यामुळे गळती खरीच आहे. पण तिन्ही ठिकाणं दुरुस्त केल्यावर हीच नळी लावून खात्री करावी लागणार, म्हणून एवढं लांबवलं. तपासणीत सगळ्यात जास्त फसवणारी गळती टाकीची नसतेच. ती तपासणीसाठी लावलेल्या बुचांची, क्लॅम्पची आणि भरण्याच्या झाकणाच्या रिंगची असते. साबणाचं पाणी पहिल्यांदा तिथे लावा.

ओतायचं का नाही

जुन्या काळी काही किटांच्या पुस्तिकांत सीलंट आत ओतून टाकी घोळवणं हा रीतसर टप्पा होता. पुढे काही वर्षांनी तो लेप सोलून निघू लागला, तेव्हा तो टप्पा काढून टाकला गेला. कारण सरळ आहे. पत्रा खरवडलेला, सॉल्व्हंटने पुसलेला आणि कोरडा असेल तरच सीलंट धरतं. बंद टाकीच्या आत तुम्ही यातलं काहीच करू शकत नाही. ओतलेला लेप बोटांच्या ठशांवर, ड्रिलच्या तेलावर, आधीच्या गुळगुळीत सीलंटवर पसरतो आणि वरवर चिकटल्यासारखा दिसतो. मग इंधन त्याच्या कडेखाली शिरतं. एकदा एका मित्राचं जुनं विमान उघडलं, तर इंधनाच्या जाळीवर नखाएवढे पांढरट पापुद्रे चिकटलेले. इंजिन जमिनीवर छान चालायचं, पूर्ण थ्रॉटलला अडखळायचं. त्याने आधी कार्बोरेटर दोनदा उघडला होता, टाकीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

दुसरं असं की पातळ सीलंट तुम्हाला हवं तिथे न जाता सगळ्यात खालच्या जागी साचतं. इंधन ओढण्याची जाळी तिथे, निचऱ्याचा व्हॉल्व्ह तिथे, आणि टाकीचे कप्पे पाडणाऱ्या रिबच्या खालच्या कोपऱ्यातल्या, इंधन एका कप्प्यातून दुसऱ्यात जायच्या खाचाही तिथेच. खाच बुजली तर टाकीत आहे पण इंजिनापर्यंत पोचत नाही असं इंधन उरतं. तुम्ही पेट्रोलपंपावरचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरणार असाल तर हा धोका आणखी वाढतो, कारण अशा लेपांपैकी काही इथेनॉलपुढे टिकतच नाहीत.

डावी टाकी कशी वाचवायची

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: टाकीत अजून इंधनाचा थेंबही गेलेला नाही. इंधन लागलेला पत्रा पुन्हा चिकटण्याजोगा स्वच्छ करणं हे काम जिवावर येतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेट घेते, आणि ‘रिकामी’ केलेली टाकी नेमकी त्याच टप्प्यात असू शकते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: वापरलेल्या टाकीवर ड्रिल, ग्राइंडर किंवा साधा व्हॅक्यूम क्लीनर चालवू नका.

आता शोध. बाहेर बुडबुडा दिसतो ती बाहेर पडायची जागा. आत शिरायची जागा भलतीकडेच असू शकते, कारण पत्र्याच्या दोन थरांमधून हवा दहा-बारा रिव्हेटं पार करून जाते. तपासणीचं झाकण उघडा, आत आरसा आणि दिवा घाला, संशयित भागात आतून साबणाचं पाणी लावा आणि बाहेरच्या गळतीच्या जागी बारीक नळीने हलकी हवा मारा. आत जिथे बुडबुडा येईल ते मूळ. साबण नंतर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, त्याच्यावर सीलंट धरत नाही.

दोन रिव्हेटांचं काम सोपं आहे. पक्क्या बसलेल्या रिव्हेटातून नुसतं झिरपत असेल, तर केशाकर्षणाने आत शिरणारं पातळ थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे पक्के करायचं द्रव) बाहेरून थेंबभर लावायचं आणि टाकीत अगदी हलका उणा दाब द्यायचा, पाण्याचे दहा सेंटीमीटर पुरेत. थेंब आत ओढला जातो आणि तिथेच घट्ट होतो. जास्त ओढलंत तर टाकी आत दबेल. रिव्हेटच सैल असेल तर मात्र हा उपाय नाही. तो काढून सीलंटमध्ये भिजवून नवा मारायचा.

कोपऱ्याला असा आडमार्ग नाही. बाहेरून सीलंटचा गोळा थापायचा मोह होतो, मलाही झाला होता. इंधनाने तो आतून ढकलून महिन्याभरात सोडवला. कोपरा आतूनच बुजवायला हवा. तो तपासणीच्या झाकणाच्या कप्प्यात असेल तर हात पोचेल. लांबच्या कप्प्यात असेल तर बॅफलमध्ये गोल भोक पाडून, काम करून, वरून मोठी चकती सीलंट आणि रिव्हेटांनी बसवावी लागते. भोक कुठे आणि केवढं चालेल हे आराखडा देणाऱ्यांना विचारल्याशिवाय पाडू नका. काही रचनांमध्ये बॅफल भार घेतो. पाडताना कटरला ग्रीस लावा म्हणजे किस आत कमी पडतो, आणि पडलेला शेवटच्या कणापर्यंत उचला.

उजवी टाकी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचं भलं इथेच आहे. टाकी सील होते ती पत्र्यावर पत्रा बसतो त्या सांध्यात. कडेने दिसणारी सीलंटची जाड पट्टी हा दुसरा बचाव. मी पहिल्या वेळी उलटं समजलो होतो: सांधा जवळजवळ कोरडा बसवला आणि नंतर आतून भरपूर लेपलं. दिसायला सुरेख, आणि गळायला पहिली.

तयारी अशी. सांध्याच्या दोन्ही बाजू लालसर तपकिरी स्कॉचब्राइट घासणीने मंद होईपर्यंत घासायच्या, चमक राहिली म्हणजे काम राहिलं. खोल ओरखडे मात्र नकोत, वरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर फाडायचा नाहीये. टाकीच्या आत प्रायमर मारू नका. मग एमईके किंवा ॲसिटोन या सॉल्व्हंटने एका फडक्याने पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. नुसतं उडू दिलं तर विरघळलेलं तेल परत पत्र्यावरच बसतं. दुसरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. आणि त्यानंतर उघड्या बोटाने ‘स्वच्छ झालंय का’ म्हणून चाचपायचं नाही! हे हसण्यासारखं वाटेल, पण मी स्वतः केलंय. एमईके साध्या नायट्राइल हातमोज्यातून पटकन पार होतं, तेव्हा त्याच्यासाठी ब्यूटाइलचे मोजे वापरा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

सीलंट म्हणजे इथे दोन भागांचं पॉलिसल्फाइड. डब्यावर बी-२ असं काही लिहिलेलं असतं. बी म्हणजे पात्याने लावायचं घट्ट, ए म्हणजे ब्रशने लावण्याजोगं पातळ. आकडा म्हणजे मिसळल्यावर हातात किती तास आहेत, आणि तेही २५ अंश सेल्सिअस व ५० टक्के आर्द्रतेला. उकाड्यात हे दोन तास पाहता पाहता एकावर येतात. थंड कोरड्या हवेत उलटा त्रास, सीलंट दिवसेंदिवस मऊच राहतं. प्रमाण बहुतेकांचं वजनाने दहास एक असतं, तरी तुमच्या डब्यावरचंच धरा. अंदाजाने कधीच नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, ३० ग्रॅमला ३ ग्रॅम असा लहान घाणा करा आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईस्तोवर कडा खरवडत मिसळा. फेटू नका, हवा शिरते. प्रत्येक घाण्यातला थोडा भाग पुठ्ठ्यावर फासून त्यावर वेळ लिहून ठेवा. टाकीतलं सीलंट वाळलं का हे टाकीला विचारायचं नाही, त्या पुठ्ठ्याला विचारायचं.

रिब बसवताना तिच्या फ्लँजवर, म्हणजे दुमडलेल्या कडेवर, पातळ सलग थर द्या, मग क्लेको (पत्रे तात्पुरते धरणाऱ्या पिना) लावून रिव्हेट सीलंट ओलं असतानाच मारा. प्रत्येक रिव्हेट खळग्यात सीलंटचा ठिपका घेऊन बसला पाहिजे. मारल्यावर फ्लँजच्या दोन्ही कडांनी सीलंटची सलग बारीक कड बाहेर आली, तर सांधा भरला. जिथे ती तुटलेली दिसते तिथे खूण करा, उद्याची गळती तीच. मग त्या बाहेर आलेल्या सीलंटला लाकडी चपट्या काडीने गोलाई द्या, कमी वाटलं तर भर घाला, आणि आतल्या प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर टोपी चढवा. वेळ संपत आली की सीलंट ताणल्यावर तंतू सुटण्याऐवजी तुटायला लागतं. त्या क्षणी तो घाणा फेकून द्यायचा. उरलेलं दहा ग्रॅम वाचवण्याच्या नादात माझ्या पहिल्या टाकीचे दोन कोपरे गळले, आणि दोन्ही शेवटी भरलेले होते.

आता बॅफल, ज्यानं तुमच्या डाव्या टाकीचा कोपरा घेतला. तो बसला की आत हात जात नाही, म्हणून सगळं आंधळं. युक्ती ही की सीलंटची पट्टी बॅफलवर न घालता वरच्या-खालच्या पत्र्यावर, रिव्हेटांच्या ओळीच्या किंचित पुढे, टाकीच्या आतल्या बाजूला घालायची. बॅफल आत सरकताना ती पट्टी पुढे ढकलतो आणि आतून आपोआप गोलाई तयार होते. पट्टी मागे घातलीत तर तेच सीलंट बाहेर पुसलं जातं आणि तुमच्या हाती समाधान तेवढं राहतं. आणि रिबचा मागचा फ्लँज, पत्रा व बॅफल हे तीन जिथे भेटतात, त्या प्रत्येक कोपऱ्यात सढळ हाताने गोळा भरा. सीलंटची कंजुषी करायची ही जागा नव्हे. बॅफल एका चालीत सरळ आत न्यायचा, मागेपुढे डुलवला की पट्टी तुटते. दुसरा माणूस हवाच. मी या दिवसासाठी फोनसुद्धा बंद ठेवतो.

बॅफल बंद करताना टाकी कशावर आहे हेही बघा. बंद झाल्यावर ती पेटीसारखी ताठ होते आणि त्या क्षणी जो पीळ असेल तो कायमचा. म्हणून ती स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईवर, स्क्रूंनी बसवून किंवा साच्यात धरूनच बंद करायची. टाकी आणि पंख यांच्या सांध्यात मात्र सीलंट घालू नका. कधीतरी ती काढावी लागणार.

जोडण्या आणि बाकीचं

बसवण्यात बहुतेक चुका नळ्यांच्या असतात. पंख हलतो, धड वेगळं हलतं, म्हणून पंखाच्या मुळाशी नळीला थोडी लवचिकता द्या. निमुळत्या आट्यांवर इंधन सहन करणारं सीलंट थोडंसं, पहिले एक-दोन आटे सोडून. टेफ्लॉनची पट्टी नको, तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरपर्यंत जातात. ३७ अंशांच्या फ्लेअर, म्हणजे नळीचं तोंड पसरवून केलेल्या, जोडणीला तर काहीच लावायचं नसतं, ती धातूवर धातू बसूनच बंद होते. भरण्याच्या तोंडाची आणि विमानाच्या सांगाड्याची विद्युत जोडणी मीटरने तपासा. व्हेंटची नळी टाकीतल्या सगळ्यात उंच जागेपासून निघायला हवी, आणि बाहेरच्या तोंडाला जाळी हवी. गांधीलमाशी तिथे मातीचं घर करते, आणि व्हेंट बंद झालेली टाकी इंधन देईनाशी होते, पंपाच्या ओढीने आत दबूही शकते.

टाकी वेगळी, वेल्ड केलेली असेल तर सीलंटचा प्रश्न बराचसा मिटतो आणि धरण्याचा सुरू होतो. पट्ट्यांखाली ओलावा शोषणारा नमदा नको, त्याखाली ॲल्युमिनियम गुपचूप गंजतं. फायबरच्या टाकीत रेझिन कोणतं हेच सर्वस्व. एक लक्षात ठेवा: थर्माकोलच्या जातीचा पॉलिस्टायरीन फोम पेट्रोलमध्ये विरघळतो. तो जवळपास असेल तर तिथली झिरप साधी दुरुस्ती राहत नाही, रचनेचाच प्रश्न होतो.

पहिलं इंधन

नळीची तपासणी दोन्ही टाक्यांनी पार केली की आधी थोडंसं इंधन घालून टाकी सगळ्या कुशींवर फिरवा, मग भरून दोन-तीन दिवस ठेवा. पण काठोकाठ नाही. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. लहान विमानांसाठीच्या अमेरिकी पार्ट २३ च्या जुन्या नियमांत टाकीत २ टक्के मोकळी जागा मागितली होती, ती वीस अंशांची बेगमी झाली. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, त्यामुळे झिरप असेल तिथे निळा डाग उमटतो. पांढऱ्या कागदाची पट्टी सांध्यावर चिकटवून ठेवलीत तर फारच सोपं. मग इंजिनापाशी नळी सोडून प्रवाह मोजा. त्याच नियमांचा दंडक असा की नुसत्या गुरुत्वाने येत असेल तर उड्डाणाच्या वेळच्या वापराच्या १५० टक्के आणि पंपाने येत असेल तर १२५ टक्के. घरी बांधलेल्या विमानाला ते बंधनकारक नसले तरी मी त्याहून कमीवर उडत नाही. विमानाचं नाक चढताना जितकं वर असेल तितकं वर ठेवून मोजा, सपाट उभं ठेवून आलेला आकडा फसवा असतो.

पहिल्या काही तासांनंतर जाळी उघडा. त्यात थोडा किस आणि सीलंटचे एक-दोन बारीक दाणे निघणं नेहमीचं. पापुद्रे निघाले तर उडायचं थांबवा.

आणि उजव्या टाकीचा बॅफल लावायच्या आदल्या दिवशी प्रत्येक कप्प्याचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, पत्र्यावर मार्करने लिहिलेल्या रिबच्या क्रमांकासकट. चार वर्षांनी कधी खालच्या पत्र्यावर निळा डाग दिसला, की त्याच्या मागे आत काय आहे हे तेवढ्यावरूनच कळेल. डाव्या टाकीचे असे फोटो असतील तर तो गळका कोपरा कितव्या रिबचा ते सांगा. तपासणीचं झाकण असलेल्या कप्प्यातला असेल तर भोक न पाडता काम होईल.